चारावरचा पाचवा मार्क

सौ. विहीणबाईंना उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकून केला असता, पण गुडघे ऐकत नाहीत, आणि माझा ताठपणा तुम्हाला ठाऊक आहेच.) तुमचा खोकला कसा आहे? व्याहीबुवा फिरायला जातात की नुसतेच बूट घालून बसतात? इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे मी आणि तुमच्या लेकीच्या कुंड्या. काळजीपोटी दिवसातून दोनदा पाणी घातलं, त्यात दोन रोपं कुजली. ऑपरेशननंतर तिला तुमच्याकडे येऊन आज तीन आठवडे झाले. मी फोन केला की तुम्हीच उचलता आणि ती झोपलीय म्हणता. इतकी झोप कुणाला लागते हो?

अपेंडिक्स फुटेपर्यंत उशीर का झाला, तर म्हणे दवाखान्यात गर्दी होती. तिनं तुम्हाला असं सांगितल्याचं चिरंजीवांकडून कळलं. साफ खोटं. त्या दिवशी दवाखान्यात आम्ही दोघी आणि भिंतीवरची पाल, एवढेच होतो. उशीर माझ्यामुळे झाला, विहीणबाई.

त्याचं असं झालं. आमचे डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. (शास्त्रात अडतीस. चाळीस करा म्हणून त्यांच्या आईनं तेव्हा किती विनवण्या केल्या, पण मी ग्रेस मार्क देणाऱ्यातली नाही.) अजूनही मी आत शिरले की ते खुर्चीतून उठतात. त्यांच्याकडे अपेंडिक्ससाठी एक तक्ता आहे, एकूण दहा मार्कांचा. चारापर्यंत घरी पाठवायचं, पाच-सहाला ठेवून घेऊन लक्ष ठेवायचं, सात झाले की ऑपरेशनची तयारी. मार्कांचं नाव काढल्यावर मला कुठला धीर! तुमची लेक पोट धरून वाकलेली, म्हणून तिची उत्तरं मीच दिली. दुखणं कुठे सुरू झालं? सकाळी बेंबीपाशी म्हणत होती, दुपारी उजवीकडे म्हणायला लागली. मी म्हटलं, खाडाखोड केलेलं उत्तर, शून्य द्या. (दुखणं असं सरकणं हीच त्या आजाराची खूण, तिला पूर्ण एक मार्क असतो, हे मला नंतर कळलं. शास्त्र शिकवलं म्हणायचं!) भूक? वाटीभर भात खाल्लाय, मी सांगितलं. मी समोर उभी होते म्हणून तिनं तो गिळला, हे नाही सांगितलं. ताप? नाही. तासाभरापूर्वी मीच गोळी दिली होती. डॉक्टरांनी पोट दाबलं तेव्हा ती किंचाळली, त्याचे दोन. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, त्याचे दोन. बाकीच्या रकान्यांत खरोखरच काही नव्हतं. बेरीज चार.

डॉक्टर चाचरत म्हणाले, बाई, रक्तातली सूज दाखवणारा तो सीआरपी आत्ता थोडाच वाढलाय, पण तो उशिरा जागा होतो; उद्या सकाळी रक्त पुन्हा तपासू. मी मान डोलावली. सकाळी तिचं दुखणं एकदम थांबलं. मी म्हटलं, बघ, उगाच बाऊ केलास, कशाला पुन्हा सुई टोचून घेतेस? आणि रक्त तपासायला गेलोच नाही. दुखणं थांबलं ते आतलं फुटलं म्हणून. संध्याकाळपर्यंत तापानं फणफणली. मोठ्या हॉस्पिटलात सीआरपी दोनशेच्या वर निघाला. पोटात नळी घालून नऊ दिवस पडून होती पोर. मी गाळलेले तीन मार्क धरले असते तर आदल्या दिवशीच सात होत होते. जन्मभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या मी! फार वाईट वाटतं हो. रात्री डोळा लागत नाही, आणि कुणाला सांगायची सोय नाही, कारण तिनं माझ्या चुकीवर पांघरूण घातलंय. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही मला हवं ते बोला. मी खाली मान घालून ऐकेन. (सवय नाही, पण जमवेन.)

आपली अपराधी विहीण

ता. क. तिच्या निळ्या शाली धुऊन ठेवल्यात. कुंड्यांना आता एकदाच पाणी घालते.

ता. क. दुसरा. मूळ काम राहिलंच. हॉस्पिटलात सातव्या दिवशी मी धीर करून तिला विचारलं, सासू म्हणून मला दहापैकी किती देशील? नळ्यांमधून हात काढून तिनं चार बोटं दाखवली. वर म्हणाली, आई, खाडाखोड करू नका. मग टाक्यांवर हात दाबून हसली. तेव्हापासून मी चारावर आहे, आणि चाराला घरी पाठवतात. पाचाला ठेवून घेतात. तर विहीणबाई, ती जागी असेल तेव्हा एवढं विचाराल का, एक ग्रेस मार्क मिळेल का म्हणून?