सेठच्या घरचा माणूस

७ जानेवारी २००७, अलिबाग
दिवाळीपासून सेठच्या बंगल्यावर वॉचमन आहे. नावाला वॉचमन. खरं तर अभ्यास करायलोय. श्रीमंत लोक कसे राहतात ते एकदा समजलं की मग श्रीमंत व्हायला उशीर कितीसा?
पहिली गोष्ट: हे लोक समुद्राकडं पाठ करून बसतात अन् हळू बोलतात. आजपासून मीपण हळू बोलणार. एसटीडीवरून गावाकडं मंठाळला बायकोला फोन लावला. रेणू म्हणाली, कामून कुजबुजायलाव? कुणी मेलं का काय?
गावंढळ.

२१ जानेवारी
सेठच्या बनियनला भोक आहे. मॅडम पपईच्या फोडीवर जेवण उरकतात. म्हणजे मोठी माणसं जुनं घालतात, कमी खातात. रेणूची संक्रांतीची साडी राहिली होती, ती कॅन्सल. कारण नीट समजावून सांगितलं. तिनं फोन आपटला.

४ फेब्रुवारी
गेट उघडलं. सेठ माझ्याकडं बघून “थँक यू डिअर” म्हणाले! ईरण्णा म्हणतो, कानातल्या फोनवर बोलायलते. ईरण्णा इथला माळी, माझा चुलतभाऊ. त्यानंच मला इथं चिकटवलं. आता जळतो.

११ फेब्रुवारी
ईरण्णा पडलेले नारळ ड्रायव्हरला देतो, हे मॅडमच्या कानावर घातलं. ही चुगली नव्हं. घरचा माणूस म्हणून सांगितलं.

१३ फेब्रुवारी
ईरण्णाला काढलं. शिवी न्हाई, आरडाओरडा न्हाई. सेठच्या ऑफिसातून नुसता फोन. काय सभ्यपणा! जाताना ईरण्णा मला एक शब्द बोलला न्हाई. तोपण शिकला वाटतं.
त्याची खोली रिकामी झाली. रेणूला अन् माझ्या म्हाताऱ्या बापाला, अप्पाला, बोलावून घेतलं. मॅडमना विचारलं न्हाई. घरात कुणी विचारतं का?

२५ फेब्रुवारी, दुपार
दोघं आले. अप्पा व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले अन् समुद्र बघून मोठ्यानं “अबबब” म्हणाले. तेवढ्यात मॅडम आल्या. हसल्या. मला विचारलं, “भैया, आपका नाम क्या है?” चेष्टा करतात माझी. मग मॅडमनी रेणूची कडक भाकरी अन् शेंगाची चटणी खाल्ली. परत मागितली.
बस्तान बसलं आमचं!

२७ फेब्रुवारी
ऑफिसातून फोन. उद्यापासून एजन्सीचे गार्ड. बाई, म्हणजे रेणू, स्वयंपाकाला राहील. म्हातारा अन् मी न्हाई.
मी हसलो. रेणू थुंकंल असल्या नोकरीवर. तिला म्हटलं, चल, सामान बांध.
रेणू म्हणाली, “तुमचं बांधून ठेवलंय की.”

२ मार्च, मंठाळ
बसमधून उतरलो तर स्टँडवर ईरण्णा. मी म्हटलं, सेठनं रजा दिलीय. अप्पाचं गाठोडं त्यानं खांद्यावर घेतलं. माझ्याकडं दोन बॅगा होत्या. एक पुढं केली.
त्यानं घ्यायला हात लांब केला.
अप्पा म्हणाले, “ऱ्हाऊ दे त्याची.”