बाराव्या नंबरचा बिल्ला

बोईसर,
१० मार्च १९६८

प्रिय एकनाथ,

तुझं पत्र मिळालं. याआधीची चारही मिळाली होती, टपालखात्याला शिव्या घालू नकोस. उत्तर न देणारा मीच. हे पाचवं मात्र साखरनं माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं आणि म्हणाली, हे वाचल्याबिगर आज जेवायचं नाय. बायको माझी बोलल्याप्रमाणे करणारी आहे, म्हणून वाचलं. तू लिहितोस, तारापूरकडची कुणी मैनाबाई तुझ्या वॉर्डात आहे, तिशीची, दोन पोरांची आई. हृदय फुगून दुप्पट झालंय, औषधाचा गुण येत नाही. माझ्या भागीवर केलीस तीच शस्त्रक्रिया तू पुढच्या सोमवारी तिच्यावर करणार. आणि मला सांगतोस, भागीच्या वेळी माझाच हात कुठंतरी चुकला, धर्मा, तू माफ केलंस एवढी एक ओळ पाठव, म्हणजे मला सुरी उचलायचा धीर येईल. वा रे वा! बहीण माझी गेली आणि धीरही मीच पुरवायचा! तुला एक ओळ हवी आहे, मी पानं भरणार आहे. सगळी वाच. मधलं सोडून शेवटावर उडी मारायची तुझी शाळेपासूनची खोड आहे, ती आज नको.

इथलं म्हणशील तर मी प्रकल्पाच्या फाटकावर वॉचमन आहे. दिवसभर सिमेंटचे ट्रक आत सोडायचे आणि धूळ खायची. कामावरची परप्रांतातली पोरं ‘ए मामा, गेट खोल’ म्हणून ओरडतात. इथं अणूची वीज होणार आणि मुंबईत दिवे लागणार म्हणे. आमच्या चाळीत अजून रॉकेलची चिमणीच आहे. भागीची सोमी आमच्याकडेच असते, पाच पुरी होतील तिला. आईचा चेहरा आठवत नाही म्हणते, ते एका परीनं बरंच. तिला खेळायला मुक्या आहे. मुक्या म्हणजे तू मला दिलेला कुत्रा, तुझा तो प्रसिद्ध बारा नंबर. नाव सोमीनंच ठेवलं. वॉर्डातल्या पेशंटांना त्रास नको म्हणून तुम्ही सगळ्याच कुत्र्यांचा आवाज काढून टाकला होतात. पोस्टमन आला की हा बिचारा नुसतं तोंड उघडतो आणि मिटतो. वॉचमनच्या घरी मुका कुत्रा म्हणून चाळ हसते. हसतील त्यांचे दात दिसतील.

तुझी आई मला आठवते रे. सफाळ्याच्या तुमच्या त्या ओटीवर सात महिने ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. आडवी झाली की जीव घुसमटायचा. पाय असे सुजले होते की जोडवी कापून काढावी लागली. आपण नववीत होतो. ती गेली त्या आठवड्यात तू विहिरीवर मला म्हणालास, काळीज फुगतं म्हणजे काय ते मी एकदा उघडून बघणार हाय. मी तुझ्यावर हसलो नाही हे लक्षात ठेव. तू डॉक्टर झालास, मी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलो, आणि तूच मला तुमच्या कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये, प्रयोगाच्या कुत्र्यांकडं, चिकटवलंस. गावाला वाटायचं, धर्माजीला मुंबईत मोठी नोकरी लागली. मी कुत्र्यांची घाण काढतो हे ना मी कधी सांगितलं, ना तू. ते उपकार मी विसरलेलो नाही, आणि हे पत्र लिहिताना तेच सगळ्यात जास्त टोचतंय.

तिथली कामं मी तुला काय सांगणार! पण मला काय काय ठाऊक होतं ते तुला कळायला हवं. गल्लीतून धरून आणलेले कुत्रे. आधी मांडीतल्या दोन शिरा एकमेकींना जोडून हृदयावर भार टाकायचा. तीन-चार महिन्यांत हृदय फुगलं, कुत्रा धापा टाकायला लागला, की छाती उघडायची आणि छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याची एक पट्टी सोडवून हृदयाभोवती गुंडाळायची. बाळंतिणीचं पोट बांधतात ना, तसंच आहे हे, असं तूच मला समजावलं होतंस. आवळून धरलं की परत जाग्यावर येईल. जोडीला दुसरे कुत्रे असायचे, धडधाकट. त्यांना चिरा त्याच, टाके तेच, पण आत काहीच करायचं नाही. नुसत्या कापण्यानं काय होतं हे ताडून बघायला. नऊ नंबर तसला होता. पट्टीवाले सात एकामागोमाग गेले, कुणी टेबलावर, कुणी चौथ्या दिवशी. प्रत्येक मेलेला पट्टीवाला तुम्ही परत उघडायचात आणि मी धुऊन काढायचो. शेवटी मोठे साहेब म्हणाले, आणखी एक बघ, तोही गेला तर हे बंद कर.

तो म्हणजे बारा नंबर. पंधरा दिवस झाले, कुत्रा जिवंत! तू त्याच्या पिंजऱ्यापुढं डबा खायला लागलास. आणि नेमकं त्याच वैशाखात घरच्यांनी तुझं लग्न धरलं. तू जायलाच तयार नव्हतास. मी म्हटलं, एकनाथ, हळद लावून घे मुकाट्यानं, कुत्र्याजवळ मी बसतो. जिवलग मित्राच्या लग्नाला मी आलो नाही, गाव काय काय बोललं! चौथ्या दिवशी तू परत आलास. अंगाची हळदसुद्धा अजून गेली नव्हती. जिन्यातूनच ओरडलास, धर्मा, जिवंत हाय ना रे? मी म्हटलं, हाय. तू त्याच दिवशी त्याचा एक्सरे काढलास, खिडकीच्या उजेडात धरलास, आणि मला मिठी मारलीस. हृदय लहान झालं होतं. चांगल्या कुत्र्याचं असतं तेवढं! बायको लक्ष्मीच्या पावलांनी आली म्हणालास. पेढे वाटलेस. मोठ्या साहेबांनी तुझा हात हातात घेतला. पुढं आठ महिने कुत्रा ठणठणीत राहिला, तू परिषदेत निबंध वाचलास, आणि गावच्या शाळेत सत्कार झाला तेव्हा माझ्याही गळ्यात हार घालायला लावलास. तो हार मी घरी येताना खाडीत टाकला.

आता भागीचं. सोमीच्या बाळंतपणातून ती नीट उठलीच नाही. नवऱ्यानं आमच्या दारात आणून सोडली ती सोडलीच. जिना चढवेना, पाय सुजले, आणि मग एक दिवस मी पाहिलं तर ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तुझ्या आईसारखी. मी काही बोलायच्या आत तू एक्सरे काढलास आणि तूच म्हणालास, धर्मा, हिला आपण असं जाऊ द्यायचं नाही, बारा नंबरच्या जिवावर सांगतो. तिला तर तुझ्याहून घाई. मुक्याच्या छातीवरची ती लांब शिवण ती बोटानं चाचपायची आणि मला सांगायची, एकनाथदादानं कुत्रं जगवलं, मना नाय जगवणार का? दवाखान्याच्या जिन्यात मी तुला अडवलं होतं, आठवतंय? तू थांबलास. मला काहीतरी बोलायचंय म्हटलं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, घाबरू नको, सख्खा भाऊ असल्यासारखं करीन. आणि मी वाटेतून बाजूला झालो. तशीही ती आजारातून वाचणार नव्हतीच, असं मनाला समजावलं. न जाणो, साधलंच तर, असंही समजावलं. माणूस मनाला काय वाट्टेल ते समजावतो. नवव्या दिवशी ती गेली.

गावानं तुला कसाई म्हटलं. तुझ्या दारात बायका बोटं मोडून गेल्या. मी ऐकत होतो आणि मनातून सुखावत होतो, एकनाथ. अगदी खरं सांगतो. दोष तुझ्या अंगाला चिकटला की माझं अंग मोकळं राहत होतं. तुझी चार पत्रं मी फोडली नाहीत ती रागानं नाही. मला तोंड नव्हतं.

आता ते चार दिवस. तुला तिकडं हळद लागत असेल त्याच सुमाराला, सकाळी अकराच्या आत, बारा नंबरनं माझ्या मांडीवर मान टाकली. एकोणीस दिवस जगला तो, आणि त्यातला शेवटचा आठवडा धापा टाकतच होता. तुला तो बरा वाटत होता कारण तुला तसा हवा होता. मी तारेचा फॉर्म आणला, दोन शब्द लिहिले आणि फाडून टाकला. तुमच्या घरात देवक बसलेलं. आपल्यात देवक उठेपर्यंत घरचं माणूस गेलं तरी नवऱ्या मुलाच्या कानावर घालत नाहीत, आणि मी कुत्र्याची तार ठोकायची? पण तो तुला नुसता कुत्रा नव्हता हे मला ठाऊक होतं. शिवाय त्या नव्या पोरीला सगळ्यांनी पांढऱ्या पायाची म्हटलं असतं. दुपारी तुझा धाकटा डॉक्टर फेरीला येणार, तो बघताच तार करणार. म्हणून मी बिल्ले बदलले. मेलेल्याच्या गळ्यात नऊ, नऊच्या गळ्यात बारा. दोघे एकाच गल्लीतले, रंगानं सारखे, शिवण सारखी. नऊ नंबर ताप येऊन मेला म्हणून सांगितलं, बिनपट्टीचा म्हणून तो कुणी उघडला नाही, मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. चार दिवसांपुरतं होतं रे ते, आईशप्पथ! देवक उठलं की सांगणार होतो. पण तू आलास आणि मिठी मारलीस.

तुम्हा डॉक्टरांना कुत्रा छातीपुरता ठाऊक, तोंडं आम्हालाच ओळखू येतात. तरी एक मला अजून खुपतं. बारा नंबर तुला बघून दात विचकायचा, आणि लग्नानंतरचा बारा नंबर तुझे हात चाटायला लागला. तू म्हणालास, बघ, लेकाला माझी किंमत कळली. मेलेले पट्टीवाले झाडून सगळे उघडलेस, आणि हा एवढाच उघडला नाहीस. मोठे साहेब सांगत होते, आठ महिने झाले, पट्टी कशी धरलीय ते बघून घे. तू म्हणालास, ह्यानं माझं नाव केलं, त्याला जगू द्या, धर्मा, घरी घेऊन जा. सगळ्यांना तू दयाळू वाटलास. मला वाटतं, तुलाही आत बघायची भीती होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण हे बोलून मी माझं पाप अर्धं करत नाही, पूर्ण माझंच आहे ते.

तेव्हा तू मागितलेली ओळ ही अशी. माफी बिफी मी देत नाही, ती द्यायची माझी लायकी नाही. भागीच्या वेळी तुझा हात कुठंही चुकला नव्हता. ती पट्टी कुणालाच जगवत नाही, एकालाही तिनं जगवलेलं नाही. मैनाबाईला टेबलावर घेऊ नकोस. औषधानं जितके दिवस निघतील तितके तिच्या पोरांना मिळू देत. बारा नंबरचा बिल्ला मुक्याच्या गळ्यातून काढून पाकिटात घातला आहे, मोठ्या साहेबांपुढं ठेव आणि माझं नाव सांग, मला पोलिसात दिलंस तरी मी फाटकावरच आहे. खात्री करायला मुक्याला उघडायचं असेल तर कळव, मी आणून देतो, पण सोमीला काय सांगायचं ते तू येऊन सांग. एरवी माझ्या शब्दावर विश्वास ठेव, एकदा खोट्यावर ठेवला होतास तसा. आठव्या दिवशी भागीनं मला जवळ बोलावून विचारलं होतं, दादा, कुत्रं जगलं हाय ना, मग माजंच का आसं होतंय? मी म्हटलं, तूपण जगशील. तिला द्यायचं उत्तर माझ्याजवळच राहिलं आहे, ते आज तुझ्या हाती देतो. कुत्रं जगलं नव्हतं गं, भागे.

अजून म्हणवून घेशील तर तुझाच,
धर्माजी