शुक्रवारची गोळी

१८ जानेवारी १९९९, सोमवार

ब्लाउज बसेना! हूक लावायला गेले तर काखेत टर्रकन उसवला. मागच्या वर्षी याच ब्लाउजात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. आरशासमोर उगाच दोनदा गिरकी घेतली. गोळ्यांची करामत! माझा भाऊ केसरीनाथदादा मुंबईहून आणतो, मी तांदळाच्या डब्यात लपवते.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलंय, रक्त वाढायच्या आहेत. त्यांचा वाल्मीक, माझा नवरा, टीबीने गेला एवढंच त्यांना ठाऊक. एचआयव्ही हा शब्द या खोलीत कुणी उच्चारलेला नाही. कळलं तर माझं बोचकं थेट माहेरी, अंजूरला. आणि मला तर इथंच राहायचंय, कामतघरच्या वस्तीत, याच बाईजवळ.

१९ जानेवारी

घड्याळबिड्याळ लागत नाही मला. आठला खालच्या कारखान्यात पाळी बदलते, कापडाचे लूम थांबून पुन्हा सुरू होतात, की मांडणीवरची भांडी नाचतात. भांडी नाचली की गोळी — सकाळी एक, रात्री एक. हुशारच आहे मी!

२२ जानेवारी, शुक्रवार

लूमला सुट्टी. आईंनी वडे तळले. हादडले!

२३ जानेवारी

बावळट, बावळट! लूम बंद, भांडी गप्प — काल दोन्ही गोळ्या राहिल्या. डबा उपसून गोळ्या मोजल्या. मागच्या शुक्रवारच्याही तशाच!

२७ जानेवारी

ठाण्याचे डॉक्टर रागावले. 'बरं वाटलं की विसरता. अशा चुकवल्यात तर औषध लागूच पडायचं नाही.' लूमचं सांगितलं तर हसू दाबत म्हणाले, 'गजर लावा.' गजर वाजला की आई विचारणार, कसला? रिक्षात मलाही हसू येत होतं, आणि भीतीही वाटत होती. इतकं छान चाललंय, ते माझ्याच हाताने घालवायचं?

२८ जानेवारी

उद्या शुक्रवार. पदराला गाठ मारलीय.

२९ जानेवारी, शुक्रवार

गाठ मारलेली साडीच सकाळी धुवायला टाकली! गॅलरीत मी ती पिळतेय, तर आत भांडी खडखडली. शुक्रवारी? धावत आले. आई दोन्ही हातांनी मांडणी धरून गदागदा हलवत होत्या. खाली पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला.

'आठ वाजले. घे गोळी. रक्ताची न्हाय ती, माला ठावं हाय.' मग म्हणाल्या, 'वाल्मीकच्या टायमाला माला कोनी काय सांगितलाच न्हाय.'

मी गोळी घेतली. त्या हलवतच होत्या.