आक्का म्हणजे कोण

११ फेब्रुवारी १९७८, टिळकवाडी
कोर्टाची नोटीस आली. शाळेत, तास चालू असताना, सगळ्या बाईंच्या देखत. बाळूनं, म्हणजे ज्याला कडेवर घेऊन मी गावभर फिरवला त्या माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं, आप्पांचं मृत्युपत्र म्हणून एक कागद काढलाय. मळ्याचे चारही एकर त्याला. आक्काला नुसतं दोन वेळचं जेवण. कानडीत टाइप केलेलं, खाली आप्पांचा अंगठा.
अंगठा! आप्पा चौथी शिकलेले. तंबाखूच्या पावतीवरसुद्धा पूर्ण नाव लिहून खाली दोन रेघा ओढायचे. तारीख बघितली तर जायच्या आधी पाच दिवस. तेव्हा ते आम्हाला ओळखतही नव्हते. हात कुणी धरला असेल?
जेवले नाही. ह्यांनी समजूत घातली तर ह्यांच्यावरच ओरडले.

१९ फेब्रु.
गावी जाऊन आले. निपाणीपर्यंत उभ्यानं. बाळू दारातच. "ताई, च्या घेणार न्हवं?" लाज नाही मेल्याला. मी सरळ विचारलं, आप्पांचा हात तू धरलास का तुझ्या मेव्हण्यानं? म्हणाला, "कोर्टात बोल की. हितं कशाला?"
आक्का आता तंबाखूच्या कोठीत राहते. चूलही तिथंच. जन्म दिलेली आई! तिनं ट्रंकेच्या तळातून कागद काढून दिला. हे आप्पांच्या हातचं खरं मृत्युपत्र, तीन वर्षांपूर्वीचं. नाव, खाली दोन रेघा, दोन साक्षीदार. "मळा आक्काला. तिच्या मनास येईल तसे करावे." बास, एवढंच. वाचताना रडू आलं. मग आप्पांचाही राग आला. बाळूच्या तोंडावर सांगायला काय झालं होतं?

७ जुलै
कॅम्पात वकीलसाहेबांकडे. कोर्टाचं काम कानडीत, म्हणून आप्पांच्या मराठी कागदाचं कानडी भाषांतर तिथं गेलंय. त्यात "मळा थोरल्या बहिणीला". कानडीत अक्क म्हणजे थोरली बहीण, झालं!
मी म्हटलं, आप्पांना बहीणच नव्हती. व. सा. हसले. "म्हणजे भावंडांतली थोरली. म्हणजे तुम्हीच की बाई."
मी सांगायला लागले. आक्का म्हणजे आमची आई. धाकटे काका तिला आक्का म्हणायचे, ते ऐकून आम्ही म्हणू लागलो, मग आप्पासुद्धा. मला सगळे ताई म्हणतात. व. सा. नी पेनाला टोपण लावलं. "हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजतो."
बसमध्ये नुसती धुमसत होते. त्या भाषांतर करणाऱ्यावर, व. सा. वर. आणि खरं लिहायचं तर "मळा तुमचा" हे ऐकायला गोड लागलं होतं. त्याचा राग सगळ्यात जास्त.

२ ऑगस्ट
आक्काला सांगितलं. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे की तसंच."
शपथेवर खोटं बोलू?
"माझ्या नावावर झालं तर आठ दिसांत ह्यो माझाबी आंगठा घेतोय बघ. त्येंचा घेतला तसा. तुला लिवाय येतंय, तुझा कोण घेणार?"
म्हटलं, टिळकवाडीला चल माझ्याबरोबर. तर म्हणे, "मळा सोडून? याड लागलंय काय तुला?" तिच्याशीही भांडून आले. कुणाशी भांडायचं राहिलंय आता?

२३ नोव्हेंबर
बाळूचा मेव्हणा साक्षीला उभा. अंगठा डावा की उजवा, तेच त्याला सांगता येईना. आप्पा खाटेवर बसले होते म्हणाला, मग निजले होते म्हणाला. बाळूचा कागद आता टिकत नाही, असं व. सा. म्हणतात.
तर बाळूच्या वकिलानं नवीनच काढलं. आप्पांचा आधीचा कागद धरायचा तर आक्का म्हणजे आई. थोरली बहीण नव्हे. आईच्या नावावर आलं की पुढचं बाळू बघून घेईल. अख्ख्या खटल्यात हा माणूस एकदाच खरं बोलला, आणि त्याबद्दल त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

२४ जानेवारी १९७९
आज माझी साक्ष. बाळूनं आक्कालाही आणलेलं, त्याच्या बाजूनं बोलायला. व्हरांड्यात दोन्ही वकील, गावची माणसं, सगळे. आक्का बाकावरून मोठ्यानं, "आक्का, ए आक्का, पाणी दे गं जरा."
कुणाला बोलावते म्हणून मी मागं वळून बघितलं. मलाच. जन्मात कधी तिनं मला आक्का म्हटलेलं नाही. बाळू आ वासून बघत राहिला. मी तांब्या दिला. ती पाणी प्यायली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
मग माझा पुकारा. शपथ झाली. बाळूच्या वकिलाचा पहिलाच प्रश्न, "तुमच्या घरात आक्का कुणाला म्हणतात?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात व. सा. उठले. प्रश्नालाच हरकत. दोघांची खूप वादावादी, जज्जसाहेब वैतागले, पुढची तारीख पडली. ९ मार्च.
बाहेर आले तर बाळू पुढं आणि आक्का त्याच्या मागून स्टँडकडं चाललेली. पिशवी व्हरांड्यातच विसरली होती. हाक मारायला गेले. बाळूचा वकील शेजारीच पान खात उभा. आक्का म्हणायची सोय नाही. आई म्हणून बघितलं, ते तोंडातून निघेना. पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. ती कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.