काचेतला सांधा

बाबा, मी समुद्राकाठचं ते संग्रहालय पाहून आलो, चाच्यांचं आणि बुडालेल्या जहाजांचं. आंधळगावात बसून मी जन्मभर ज्याबद्दल वाचलं, ते सगळं तिथे काचेमागे आहे. तुम्ही मागावर विणता विणता हसायचे, "आपल्या तलावात डोंगा धड चालत नाही, अन् हा जहाजं बुडवून राहिला." शाळा दहावीतच सुटली, तरी तोफ कोणत्या धातूची आणि नांगर कोणत्या घडणीचा, हे मी पाट्या न वाचता ओळखलं. दोन पाट्यांवरच्या चुकाही तिथल्या माहिती सांगणाऱ्या मुलीला दाखवल्या. तिने त्या वहीत लिहून घेतल्या. छाती फुगली माझी, खोटं कशाला सांगू.

शेवटच्या दालनात कापड होतं. चाच्यांनी लुटलेलं जहाज बुडालं, त्याच्या तळच्या चिखलात टिकलेला रेशमी थानाचा एक तुकडा. पाटीवर लिहिलं होतं, टोकाला धाग्यांना गाठी मारल्या आहेत. मी काचेला नाक लावलं. गाठ एकही नव्हती. मागावर जुन्या ताण्याच्या उभ्या धाग्यांना नवे धागे जोडताना तुम्ही राखेच्या चिमटीत एकेक धागा पिळायचे, तसाच सांधा होता. ते कापड आपल्याकडचं असेल असं मी म्हणत नाही, पुरावा नाही. पण हात ओळखीचा होता.

"ही गाठ नाही, सांधा आहे," मी म्हणालो.

"करून दाखवता काका? मी व्हिडिओ काढते, मोठ्या सरांना दाखवीन." तिने ओढणीच्या काठाचे दोन धागे ओढून माझ्या हातात दिले.

दोन्ही टोकं जुळवली. एक पीळ दिला. मग टोक कोणत्या बाजूला दुमडायचं? इकडे वळवलं, सुटलं. तिकडे वळवलं, सुटलं. राख नाही म्हणून येत नाही, असं मी म्हणालो. ती बिचारी खाली जाऊन उदबत्तीची राख घेऊन आली. तरी सुटलं.

गावात आता विचारायलाही कोणी नाही. तुमच्या बरोबरीचे सगळे गेले, माग लोकांनी सरपणात घातले. आपलाही. पाटीवर गाठच लिहिलेली राहील.

"राहू द्या काका," ती म्हणाली. मी म्हणालो, "वडिलांनी शिकवलंच नाही."

बाबा, त्या वर्षी पोळ्याआधी तुम्ही खोकत हाक मारली होती, "ये बे इकडे, दोन दिवस बस माह्याजवळ. हे पुस्तकातून नाही येत." मी जहाजांच्या पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "वाचून राहिलो ना, काहून त्रास देता?" तुम्ही दुसऱ्यांदा बोलावलं नाही. पोळा झाला आणि तुम्ही गेले.

हा कागद त्याच पुस्तकात ठेवून देतो. तेव्हा कोणतं पान उघडं होतं, ते मला अजून बरोबर आठवते.