ह्यांच्या शेजारचं पान

मस्कतच्या वाटेवर, बोटीवरून
जानेवारी २००१

ती. वन्संना आशाचा वाकून नमस्कार.

तुमच्या भाच्यानं, परेशनं, आम्हां दोघांना दुबईहून हौसेनं बोटीत बसवून दिलं. बोट आमच्याच वयाची, जिने कुरकुरतात पण रंग ताजा! दिवसभर वरती खुर्च्या टाकून समुद्र बघतो. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता ना?

पहिल्या दिवशी जेवताना मी घरच्यासारखी ह्यांच्या पाठीशी उभी राहून वाढत होते. वेटरला वाटलं, माझी खुर्ची मोडकी आहे. त्यानं दुसरी आणली, मग तिसरी. "माँजी, बैठो ना!" हे म्हणाले, "बस की आता! त्याला खुर्च्यांचं दुकान मांडायला लावतेस का?"

बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांच्या शेजारी जेवायला. तेव्हा दिसलं, ह्यांचा हात थरथरतो, घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा सांडतो. घरी "भूक नाही" म्हणून उठतात ते ह्यापायी! मागे उभ्या बाईला नुसती पाठ दिसते, वन्सं. आता मी घास भरवते. लोक बघतात, बघोत. हे पोटभर जेवतात. आल्यावर डॉक्टरांना दाखवू, काळजी नको.

बायकांनी मागाहून जेवायचं, ही घरची रीत मी जन्मभर पाळली. आता खलास. रागवा, बोला, सगळं ऐकून घेईन, पण पानावरून उठणार नाही.

शनिवारी घरी पोचतो. माझं पान ह्यांच्या शेजारी मांडा, आणि तुमचं समोर. भावाला जेवताना तुम्ही तरी कधी पाहिलंय?

तुमची,
आशा