धुक्याखाली न उतरणारे

३ जून
पोचले एकदाची! मोरोगोरो शहरातून बसने, पुढे डोंगर चढून. लाकडी खोली धुक्यात बुडालेली, पण चूल छान पेटते. राखणदार कोबेलोबाबांनी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि घेवड्याची आमटी वाढली. इथला करडा रानउंदीर शेजारच्या डोंगरातल्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे का, हे मला ठरवायचंय. बाबा म्हणाले, उंदरांची नावं ठेवायला सरकार पगार देतं, मग मांजरांनी काय घोडं मारलंय?

११ जून
सापळे भरताहेत. शेपूट आखूड, पोट पिवळसर, दाढांची ठेवण निराळी. नवी जात, नक्की! धुक्याखालच्या कोबीच्या शेतांत मात्र एकही नाही. एक जिवंत खाली नेला, तर पहिल्याच बांधावर तडफडून मेला. बाबांना नवल वाटलं नाही. बायकोच्या मातीलाही ते खाली गेले नव्हते म्हणे. का, ते विचारवलं नाही.

४ जुलै
बाजाराला निघाले. बांधाशी छाती आवळली, श्वास घेता येईना. रांगत वर आले. धुक्यात शिरताच मोकळं झालं. बाबा वाटेवरच बसले होते. म्हणाले, "पोरी, हे धुकं महिनाभर छातीत गेलं की डोंगर सोडत नाही. आधी सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का? एकटा होतो गं मी."

१९ जुलै
निरोप मिळताच माझी थोरली बहीण फाउस्ताताई न्यायला आली. चौघांनी मला झोळीतून खाली उतरवलं. माझे ओठ निळे पडले तशी तीच रडत म्हणाली, परत न्या. इथे राहते म्हणून हटून बसली. वाटेल ते बोलून हाकलली तिला. जाताना वळूनही पाहिलं नाही तिने.

६ सप्टेंबर
खाली शेतासाठी रान जाळताहेत. धुकं वर सरकलं. बाबांनी निरोप धाडला, रान राखा. उत्तर आलं, मग पोरांना काय तुमचे उंदीर खाऊ घालू?

२० सप्टेंबर
बाबा पाण्याला गेले. झरा आता उन्हात. ओढत आणलं — उशीर झाला होता. त्यांच्यावर राग होता माझा. आता बोलायलाही कुणी नाही.

२८ सप्टेंबर
खोली सोडली. शिखराखालच्या कपारीत. उंदीरही आलेत — अंगावर, केसांत. चावत नाहीत. थरथरतात नुसते.

ऑक्टोबर
शिखर. धुकं हातभर. ऊन घोट्यापर्यंत — उंदीर माझ्या खांद्यावर चढताहेत, इथे माझ्याहून उंच काहीच —
खालून ताईची हाक. ओ द्यायला तोंड उघडलं, पण श्वास